कळंबोली आणि जनहिताची वकिली

कळंबोली हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातले मूळचे आगरी शेतकऱ्यांचे गाव. भाताची खाचरे आणि खाडीचे पाणी अडवणारे बांध हे त्याचे जुने रूप. आज कळंबोली हा सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईचा भाग असून १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथून सुरू होतो, मुंबईतून हलवलेला लोखंड-पोलादाचा बाजार इथे आहे आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत या परिसरातले तीन मोठे प्रश्न कायद्याच्या दारात गेले: संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला, बालगृहातील मुलींवरील अत्याचार आणि कासाडी नदीचे प्रदूषण. तिन्ही प्रश्नांत झळ सोसणारी माणसे अशी होती की ज्यांना एकट्याने वकील करून लढणे परवडले नसते, किंवा मुळात शक्यच झाले नसते. त्यांच्या वतीने कोण उभे राहिले, कायद्याने त्यांना कोणती वाट दिली आणि त्या वाटेवर चालताना काय काय करावे लागले, याचा हा आढावा आहे.

जिल्ह्याची जुनी परंपरा

रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. समूहाच्या हक्कासाठी न्यायालयात लढण्याची परंपरा या जिल्ह्यात जनहित याचिकेच्या कितीतरी आधीची आहे. महाडच्या चवदार तळ्याचा दावा हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या काही सवर्णांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळ्याच्या पाण्यावर अस्पृश्यांचा हक्क नाही आणि तसा पूर्वापार रिवाज आहे, असे वादींचे म्हणणे होते. प्रकरण खालच्या न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा रिवाज अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. सत्याग्रहापासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षे गेली. त्या काळात कागदपत्रे गोळा करणे, साक्षीदार उभे करणे, तारखांना हजर राहणे आणि पैसा जमवणे हे काम अखंड चालू ठेवावे लागले.

दुसरी परंपरा जमिनीची. खोतीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या पद्धतीच्या, जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे संप चालवला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ च्या कुळकायद्याने आणि १९४९ च्या खोती निर्मूलनाच्या कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कायद्याने कूळ मालक मानले गेले. पनवेल-उरण पट्ट्यातल्या अनेक शेतकऱ्यांच्या नावावर जमीन लागली ती या कायद्यांमुळे. आणि तीच जमीन पुढच्या तेरा वर्षांत संपादनाच्या यादीत आली.

जमीन: १९७० ते १९९४

मुंबईवरचा ताण कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. ती अमलात आणण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले. त्याआधी फेब्रुवारीतच ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील गावांसाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ खाली अधिसूचना निघाली होती. पुढे या प्रकल्पात ९५ गावे आली. कळंबोली आणि तिच्या शेजारची रोडपाली, खिडुकपाडा, आसूडगाव ही त्यांपैकीच.

या कायद्यातील एका तरतुदीने शेतकऱ्यांचे सर्वाधिक नुकसान केले. कलम २३ प्रमाणे मोबदला ठरवताना बाजारभाव धरायचा तो कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. जमीन प्रत्यक्ष ताब्यात घेतली जाते केव्हा आणि मोबदला ठरवणारा निवाडा होतो केव्हा, याचा भावाशी संबंध नव्हता. निवाडा केव्हा द्यावा याला तेव्हा मुदतही नव्हती. परिणामी भाव १९७० चा गोठला आणि काम वर्षामागून वर्ष रखडले. जमीन विकता येत नव्हती आणि पैसेही हातात नव्हते. शेजारी मात्र रस्ते आणि इमारती उभ्या राहत होत्या.

शेतकऱ्याच्या हाती कायद्याने दिलेले मुख्य साधन होते कलम १८. विशेष भूसंपादन अधिकाऱ्याने दिलेला निवाडा मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येई. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला यासाठी सहा आठवड्यांची मुदत होती. यातही एक अट होती. मोबदल्याची रक्कम घेताना ती हरकत नोंदवून घेतली असेल तरच हा अर्ज चाले. हरकत न नोंदवता पैसे घेणाऱ्याचा हक्क कलम ३१ प्रमाणे संपुष्टात येई. म्हणजे ज्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम पडत होती, त्याने पावतीवर सही करण्याआधी दोन शब्द लिहायचे राहिले, तर पुढची लढाई सुरू होण्याआधीच संपे. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या शेजारी त्या दिवशी कायदा जाणणारा कोणी उभा असणे हीच खरी विधी सेवा होती. ते काम गावोगावी कार्यकर्ते, गावातले शिकलेले तरुण आणि पनवेल-अलिबागच्या वकिलांपैकी काही जण करत असत.

रस्त्यावरच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांच्याकडे होते. जासईत १९२६ मध्ये जन्मलेले ‘दिबा’ शेतकरी कामगार पक्षाचे नेते होते, पेशाने वकील होते आणि पनवेलचे आमदार व पुढे खासदारही झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-पागोटे परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत त्यांना आजही अभिवादन केले जाते.

त्याच वर्षी संसदेने भूसंपादन कायद्यात मोठी दुरुस्ती केली. ती २४ सप्टेंबर १९८४ पासून अमलात आली. सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर मिळणारी दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंतच्या काळासाठी बाजारभावावर वर्षाला १२ टक्के जादा रक्कम देणे बंधनकारक झाले. नव्या कलम ११-अ प्रमाणे निवाड्याला दोन वर्षांची मुदत आली. जुन्या प्रकरणांनाही ही मुदत दुरुस्तीच्या दिवसापासून लागू असल्याने, रखडलेले निवाडे सप्टेंबर १९८६ पर्यंत देणे सरकारला भाग पडले. आणखी एक तरतूद गरीब शेतकऱ्यांसाठी मोलाची ठरली: कलम २८-अ. एकाच अधिसूचनेतील एखाद्या जमीनमालकाला न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर ज्यांनी कलम १८ खाली अर्ज केला नव्हता त्यांनाही तीन महिन्यांच्या आत अर्ज करून त्याच दराने फेरनिश्चिती मागता येऊ लागली. मुदत मात्र पुन्हा कडक. शेजारच्या शेतकऱ्याचा निकाल लागल्याची बातमी वेळेत कळली नाही, तर हक्क हातचा जाई. त्यामुळे निकालांची नोंद ठेवणे आणि ती गावात पोहोचवणे हे स्वतंत्र काम झाले.

पैशाच्या मोबदल्यापलीकडची मागणी होती विकसित जमिनीतल्या वाट्याची. तिची परिणती साडेबारा टक्के योजनेत झाली. ६ मार्च १९९० आणि २८ ऑक्टोबर १९९४ चे शासन निर्णय हे तिचे टप्पे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला द्यावा आणि त्यातून सामाजिक सुविधांसाठी काही हिस्सा वजा करावा, असे तिचे स्वरूप ठरले. योजना जाहीर झाली तरी वारस नोंदी, हिस्स्यांचे वाद आणि पात्रतेचे कागद यांत भूखंडांचे वाटप दीर्घकाळ चालत राहिले. दरम्यान गावठाणाला लागून कुटुंबांनी वाढवलेली घरे अनधिकृत ठरली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने तो प्रश्न आजही ओळखला जातो.

या लढ्याचा लाभ पुढच्यांना झाला. नवी मुंबई विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांना साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय मिळाला. १८९४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून वाजवी भरपाई आणि पुनर्वसनाचा नवा केंद्रीय कायदा आला. दि. बा. पाटील यांचे २४ जून २०१३ रोजी निधन झाले. नवा कायदा अमलात आलेला त्यांना पाहता आला नाही.

जनहित याचिकेचा उदय

कळंबोलीचे शेतकरी स्वतःच्या जमिनीसाठी स्वतः अर्जदार होते. पण ज्यांना अर्जही करता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्याच काळात देशाच्या न्यायव्यवस्थेपुढे उभा होता. गरिबांना वकील मिळावा यासाठीचे प्रयत्न मुंबई इलाख्यात जुने आहेत. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्या. नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्य समिती नेमली होती. त्यांचेच पुत्र न्या. प्रफुल्लचंद्र भगवती यांनी पुढे न्या. कृष्ण अय्यर यांच्यासह राष्ट्रीय पातळीवर विधी साहाय्याची योजना आखली. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे कलम ३९-अ राज्यघटनेत आले. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. तालुका विधी सेवा समितीपासून राष्ट्रीय प्राधिकरणापर्यंतची उतरंड या कायद्यामुळे उभी राहिली. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क या कायद्याने दिला.

दुसरी वाट स्वतः न्यायालयांनी मोकळी केली. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच न्यायालयात यावे, हा जुना दंडक होता. ३० डिसेंबर १९८१ च्या एस. पी. गुप्ता प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो शिथिल केला. गरिबी किंवा असहायतेमुळे जे येऊ शकत नाहीत त्यांच्या वतीने कोणीही सद्भावनेने येऊ शकतो, हे तत्त्व प्रस्थापित झाले. मुंबईशी या इतिहासाचे नाते घट्ट आहे. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाची दखल घेतली. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलायला सांगितले. त्यांचा अहवाल आल्यावर स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला देणे, न्यायाधीशांच्या अचानक भेटी असे आदेश निघाले. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस प्रकरणात मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या संदर्भात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे, असे न्यायालयाने सांगितले.

या काळात मुंबईत अशा कामासाठीच संस्था उभ्या राहिल्या. शाम चैनानी यांच्या पुढाकारातून १९७९ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप, इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांच्या पुढाकारातून १९८१ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह, कॉलिन गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९८९ मध्ये ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्कचा आरंभ, आणि फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्या पुढाकारातून मजलिस. पुढे अशा याचिकांची संख्या वाढली, त्यांचा गैरवापरही होऊ लागला. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग चौफाल प्रकरणात सर्व उच्च न्यायालयांना नियम करायला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिकांविषयीचे नियम त्याच वर्षी आले. याचिकाकर्त्याने स्वतःची खरी ओळख देणे आणि वैयक्तिक स्वार्थ नसल्याचे शपथेवर सांगणे त्यानंतर अपरिहार्य झाले.

बालगृह: २०१० ते २०१३

२०१० मध्येच ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या बालगृहात उपासमारीने मुले दगावल्याची बातमी वृत्तपत्रांत आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि जनहित याचिका क्रमांक १८२/२०१० दाखल करून घेतली. या मुलांना स्वतःची तक्रार सांगता येत नव्हती. बहुतेकांच्या मागे विचारपूस करणारे नातेवाईक नव्हते. संस्थांना सरकारी अनुदान मिळत होते, पण आत काय चालते हे बाहेरच्या कोणी नियमाने पाहत नव्हते. न्यायालयाने शीला बारसे प्रकरणातला मार्गच पुन्हा धरला: आत जाऊन पाहणारी माणसे नेमली. टाटा समाजविज्ञान संस्थेतील कायदा-अभ्यासक डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील बालसंरक्षण समन्वय समितीकडे राज्यातील अशा बालगृहांची पाहणी सोपवली गेली.

२०११ मध्ये कळंबोली येथील एका खासगी बालगृहातील मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार या प्रक्रियेत उजेडात आले. मुलींना बौद्धिक अपंगत्व होते. काहींना ऐकण्या-बोलण्याचीही अडचण होती. गुन्हा नोंदला गेला आणि खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालला. मार्च २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह अनेक आरोपींना दोषी ठरवले.

या खटल्याचे कायदेशीर वजन समजून घेण्यासाठी पुराव्याच्या कायद्याकडे पाहावे लागते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ११८ सांगत होते की प्रश्न समजून त्याला सुसंगत उत्तर देता येणारी कोणतीही व्यक्ती साक्ष देऊ शकते. वय किंवा मानसिक स्थिती ही आपोआप अडचण ठरत नाही. कलम ११९ प्रमाणे बोलू न शकणाऱ्याची खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावा मानली जाई. कायदा असा उदार असला तरी तपासाच्या खोलीत आणि कोर्टात त्याप्रमाणे घडवून आणणे सोपे नव्हते. मुलीच्या खुणा ओळखणारा दुभाषी शोधावा लागतो. तिच्या ओळखीच्या माणसाला तिच्याजवळ बसू द्यावे लागते. प्रश्न लहान आणि सोपे ठेवावे लागतात, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावून तिला खचू न देण्याची काळजी घ्यावी लागते. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने यातले काही बंधनकारक केले. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि त्या साक्षीचे चित्रीकरण करणे कलम ११९ मध्ये आले. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. कळंबोलीतील घटना त्याच्या आधीच्या असल्याने तो त्यांना लागू नव्हता; जुन्या दंडसंहितेवरच खटला उभा राहिला.

याचिकेचा हेतू एका गुन्ह्याच्या शिक्षेपुरता नव्हता. अशा प्रत्येक बालगृहाची नोंदणी आणि नियमित तपासणी व्हावी, मुलींसाठी स्त्री कर्मचारी असाव्यात, मुलांना तक्रार सांगण्याची जागा असावी, हे मूळ मुद्दे होते. जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या बाल न्याय कायद्यात मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी समितीने भेट द्यायची असते. समितीत तीनपेक्षा कमी सदस्य नसावेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, असे कलम ५४ सांगते. मुलींना आपले दुःख विश्वासाने सांगता येईल असे कोणीतरी नियमाने आत यावे, ही कळंबोलीने सिद्ध केलेली गरज आता कायद्याच्या भाषेत लिहिलेली आहे.

कासाडी नदी

कळंबोलीच्या उत्तरेला सुमारे ९०० हेक्टरांची तळोजा औद्योगिक वसाहत आहे. रसायने, रंग, औषधे, अन्नप्रक्रिया असे अनेक प्रकारचे कारखाने तिथे आहेत. त्यांच्यामधून वाहणारी कासाडी नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. नावडे, रोडपाली, कळंबोली, कामोठे हा पट्टा तिच्या काठचा. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या पडलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. कारखान्याच्या रंगद्रव्याने त्यांची लव निळी झाली होती. तक्रारीनंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. काठावरच्या कोळी आणि आगरी कुटुंबांना हे प्रदूषण त्याआधीपासून माहीत होते. मासळी घटल्याची आणि पाण्याला उग्र वास येत असल्याची त्यांची तक्रार जुनीच होती.

पाण्याचा पुरावा हा या लढ्यातला अवघड भाग. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खटल्यात ग्राह्य धरला जाणारा सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. त्यासाठी आधी नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, कारखान्याच्या प्रतिनिधीसमोर ते मोहोरबंद करायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. नागरिकाने रात्री नाल्यातून भरून आणलेली बाटली अशा खटल्यात चालत नाही. ती उपयोगी पडते मंडळाला जागे करण्यासाठी. म्हणून तक्रार कोणत्या दिवशी केली, अधिकारी केव्हा आले आणि तोवर पाण्याचा रंग बदलला का, याची तारीखवार नोंद ठेवणे हे तक्रारदाराचे पहिले शस्त्र ठरते. मंडळाने कारवाई केली नाही तर ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येते.

२०१० च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्याने आणखी एक दार उघडले. भरपाई मागितलेली नसेल तर १००० रुपये शुल्कात अर्ज करता येतो. पर्यावरणाच्या हानीबद्दल भरपाई आणि निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्च मागण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. पनवेलचे तत्कालीन नगरसेवक अरविंद पुंडलिक म्हात्रे यांनी कासाडीसाठी याच लवादाकडे धाव घेतली. मूळ अर्ज क्रमांक १२५/२०१८ म्हणून ते प्रकरण नोंदले गेले. लवादाने तज्ज्ञांची पाहणी करवून घेतली. वसाहतीचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र ठरलेल्या मानकांप्रमाणे चालत नसल्याबद्दल ते चालवणाऱ्या संस्थेला कोट्यवधी रुपये जमा करण्याचे आदेश दिले. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व या आदेशांमागे होते.

खाडीच्या काठचा दुसरा प्रश्न कांदळवनांचा. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळवनांची तोड थांबवली आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवने नष्ट करणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे न्यायालयाने म्हटले. पनवेल खाडीच्या काठच्या झाडांना मिळालेले संरक्षण याच आदेशांतून आलेले आहे.

वर्षभराचे काम

जनहिताचे कायदेशीर काम बाहेरून निकालाच्या दिवशी दिसते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग न्यायालयाबाहेर आणि वर्षभर चालतो. त्याची सुरुवात माहितीपासून होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यावर ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. न मिळाल्यास पहिले अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरे. बालगृहाचे तपासणी अहवाल, सांडपाणी केंद्राची मासिक आकडेवारी, निवाड्याची प्रत हे सगळे या वाटेने हाती येते. त्यानंतर संबंधित कार्यालयाला निवेदन द्यावे लागते, कारण आधी प्रशासनाकडे दाद मागितली का, हा न्यायालयाचा पहिला प्रश्न असतो. मग याचिका, प्रतिज्ञापत्रे, सरकारचे उत्तर आणि त्याला प्रत्युत्तर.

उच्च न्यायालयाच्या मे महिन्याच्या, दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांभोवती या कामाचे वेळापत्रक बसते. सुट्टीचा काळ गावभेटी, विधी साक्षरता शिबिरे आणि कागदपत्रांची जुळवाजुळव यांत जातो. पावसाळ्यात नाले आणि नदीची पाहणी होते. ९ नोव्हेंबरला, विधी सेवा दिनी, तालुका समित्या लोकांपर्यंत जातात. लोक अदालतींत तडजोडीने मिटण्याजोगे दावे निकाली निघतात. वर्षाच्या शेवटी असे काम करणाऱ्या संस्थेचा ताळेबंद मांडताना किती आदेश मिळाले याइतकेच, किती आदेशांची अंमलबजावणी झाली हेही पाहावे लागते. अंमलबजावणी झाली नाही तर अवमान याचिका करावी लागते, आणि तिलाही एक वर्षाची मुदत आहे.

कळंबोलीच्या तिन्ही प्रकरणांत हेच दिसते. शेजाऱ्याच्या निकालाच्या दराने वाढीव मोबदला मागण्याचा हक्क १९८४ मध्ये कायद्यात आला, पण तो शेतकऱ्याच्या हातात पडला मुदतीत केलेल्या अर्जामुळे. मुलींचे संरक्षण कायद्यात आधीही होते. न्यायालयाने पाठवलेली माणसे आत गेल्यावर ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून होता; कासाडीच्या काठी त्याचा धाक निर्माण झाला तो नागरिकांनी चिकाटीने केलेल्या तक्रारींनंतर. न्यायालयाचा आदेश हा जनहिताच्या कामाचा मध्य आहे. त्याच्या आधी नोंद ठेवणारा आणि त्याच्यानंतर पाठपुरावा करणारा माणूस गावात असेल तरच तो आदेश कागदावरून जमिनीवर उतरतो. पनवेल तालुक्यात आज ज्याला असा प्रश्न भेडसावतो त्याने पहिल्या दिवसापासून तारखा लिहून ठेवाव्यात, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि तालुका विधी सेवा समितीचे दार ठोठावावे. ते दार कायद्याने त्याच्यासाठीच उघडे ठेवलेले आहे.